प्रकरण चौदावे : चिकटपट्टीचा कायदा

"घर म्हणजे माणसाचा आत्मा," आर्लीनच्या थोरल्या लेकीने, डेनिसने, पुढच्या खोलीच्या मधोमध उभे राहून जाहीर केले, "आणि आज संध्याकाळपर्यंत आपण आईच्या घराचा आत्मा शोधून काढणार आहोत."

"तळघरात बघ," तिची आत्या इर्मा सोफ्यावरून म्हणाली. "बंद पडलेलं सगळं तिथंच ठेवतात."

इर्माने हा विनोद केला नव्हता. कांगास घराण्यात विनोद ही गोष्ट लग्नासारखीच नीट विचार करून आणि थंडी ओसरल्यावर करण्याची पद्धत होती, आणि थंडी अजून ओसरायची होती. एप्रिलचा शेवटचा शनिवार. उत्तरेकडच्या हँकॉक गावात वसंत आला होता, म्हणजे टपालपेटीचे डोके बर्फातून वर आले होते.

आर्लीन स्वयंपाकघराच्या दारात कॉफीची किटली घेऊन उभी होती. सकाळपासून ही तिसरी किटली. ती दमली होती. नवऱ्याला, रेनोला, जाऊन चौदा महिने झाले होते आणि या चौदा महिन्यांत भेटेल त्याने तिला सांगितले होते की हे दमणे म्हणजे दुःख आहे. पाद्रीबाई तसे म्हणाल्या, शेजारीण तसे म्हणाली. डॉक्टर तेवढे म्हणाले की अंगात लोह कमी आहे. तांब्याच्या खाणींच्या गावात लोह कमी पडायचेच. आर्लीनला स्वतःला मात्र पक्के ठाऊक होते की आपण कशाने दमलो आहोत. आपण धूळ पुसून दमलो आहोत.

बावन्न वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा पुढच्या खोलीत सासूबाईंचे काचेचे कपाट होते, त्यात एक्केचाळीस बश्या होत्या, खिडकीखाली दामटलेला सोफा होता, पितळी उभा दिवा होता, आणि दिव्याखाली गालिचा होता, ज्यावर पाय ठेवायचा नसे. सासूबाई लेम्पी कांगास जाऊन बावीस वर्षे झाली. कपाट होते तिथेच होते. बश्या एक्केचाळीसच होत्या. गालिच्यावर अजूनही कोणी पाय ठेवत नसे. बावन्न वर्षांत त्या खोलीत भर पडली ती एकाच वस्तूची, रेनोच्या आरामखुर्चीची, आणि ती रेनोने स्वतःच आणली होती, विचारले नव्हते.

"आई, आधी निकाल ऐक," डेनिसने मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

निकाल म्हणजे प्रश्नमंजूषेचा. गेल्या महिन्यात डेनिसने फोनवरून आईला बत्तीस प्रश्न विचारले होते. 'आपली सजावटीची शैली ओळखा' असे काहीसे ते होते. प्रत्येक प्रश्नाला चार खोल्यांचे फोटो. आर्लीनने दर वेळी पहिला फोटो सांगितला, कारण फोटो बघायला चष्मा आणावा लागला असता आणि चष्मा वरच्या मजल्यावर होता. फक्त एका प्रश्नाला तिने मनापासून उत्तर दिले होते. 'आपल्या घरात पाऊल टाकताच पाहुण्याला काय वाटावे?' या प्रश्नाला ती म्हणाली होती, "की बूट बाहेर काढावेत."

"तुझी शैली आहे," डेनिस थांबली, "समुद्रकिनारी."

"कुठल्या समुद्राच्या?" इर्माने विचारले.

"तसा खरा समुद्र नसतो गं, आत्या. पांढऱ्या भिंती, फिकट निळे पडदे, शिंपले, दोरखंडाचा दिवा. वारा, मोकळेपणा, अनवाणी पाय."

"अनवाणी पाय," इर्मा म्हणाली आणि खिडकीबाहेरच्या कंबरभर बर्फाकडे बघत राहिली. "आपल्याला किनारा आहे की. त्याच किनाऱ्यावरून रेनोचा ट्रक तळ्यात गेला होता. मार्चमध्ये. बर्फ पक्का आहे म्हणाला होता."

डेनिस ग्रँड रॅपिड्सहून आठ तास गाडी चालवून आली होती आणि गाडीत तीन खोकी होती. एकात शिंपले, दुसऱ्यात पडदे, तिसऱ्यात दोरखंडाचा दिवा आणि एक लाकडी पाटी. पाटीवर 'बीचकडे' असे लिहून बाण काढलेला होता. ती पाटी डेनिसने भिंतीला टेकवून ठेवली. बाण स्वयंपाकघराकडे दाखवत होता.

डेनिसच्या मागच्या वर्षभराबद्दल आर्लीनला जेवढे माहीत होते त्यापेक्षा डेनिसने तिला कमी सांगितले होते. घर विकले गेले होते. नवरा आपल्या वाट्याची भांडी घेऊन गेला होता. आता डेनिस भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती, आणि तिथे घरमालकाने भिंतीला खिळा ठोकायला मनाई केली होती. खिळा ठोकायला न मिळालेली माणसे दुसऱ्याच्या भिंतींकडे वळतात. पोरगी पन्नाशीची झाली तरी ते दिसते.

"पहिलं काम हे कपाट," डेनिस म्हणाली. "लाकूड चांगलं आहे, पण किती काळं! दोन हात पांढरा रंग दिला की ओळखू येणार नाही."

इर्मा उठली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची इर्मा सोफ्यावरून उठते तेव्हा आधी हात, मग कंबर, मग बाकीचा देह अशी क्रमाक्रमाने उठते. या वेळी सगळे एकदम उठले.

"रंग?"

"खडूसारखा मऊ रंग असतो आत्या, अजिबात वास येत नाही."

"खालचा खण काढ."

"आत्या—"

"खालचा खण काढ आणि उलटा कर."

डेनिसने सर्वांत खालचा खण उपसला, आतले टेबलक्लॉथ सोफ्यावर ठेवले आणि खण पालथा केला. खणाच्या तळाशी पिवळी पडलेली चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत, शाळामास्तरणीच्या अक्षरात, लिहिले होते : इर्मा.

"झालं?" इर्मा म्हणाली. "कपाट माझं आहे."

या चिकटपट्टीचा इतिहास घरातल्या प्रत्येकाला पाठ होता. लेम्पीच्या दोन थोरल्या बहिणी, हिल्या आणि साइमा, आईच्या मागे उरलेल्या तांब्याच्या कॉफीपात्रावरून भांडल्या आणि एकतीस वर्षे चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसल्या. हिल्याच्या अंत्यविधीला साइमा गेली, पण कॉफी घरून नेली. ते बघून लेम्पीने त्याच आठवड्यात चिकटपट्टीचे रीळ आणले आणि घरातली प्रत्येक वस्तू उलटी करून तिच्या पोटावर वारसाचे नाव डकवले. गावातल्या निम्म्या घरांत हीच पद्धत होती, पण लेम्पीसारखा बंदोबस्त कोणाचाच नव्हता. तिने बटाटे कुस्करायच्या दांड्यालाही नाव लावले होते. तेव्हापासून कांगास घराण्यात मृत्युपत्रावर वाद होऊ शकत असे, चिकटपट्टीवर नाही.

"आत्या, कपाट तुझं आहे तर तू बावीस वर्षं नेलं का नाहीस?" डेनिसने विचारले.

"ठेवू कुठं? माझ्या घराचं छत इतकं खाली. हे उभं राहिलं तर मला बसून राहावं लागेल."

"म्हणजे ते इथंच राहणार."

"इथं शोभतं."

"आणि त्याला रंगही द्यायचा नाही."

"माझ्या वस्तूला तू रंग देणार? मी तुझ्या गाडीला दिला का?"

इतक्यात मागचे दार आपटले आणि डेल आला. डेल आर्लीनचा धाकटा. काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचे काम करायचा, आणि सहा महिने बर्फाशी बोलून उरलेले सहा महिने त्याला माणसांशी फारसे बोलावेसे वाटत नसे. त्याने बूट काढले, वेलदोड्याच्या पावाचा जाड तुकडा तोंडात घातला आणि पुढच्या खोलीत येऊन आधी पाटी वाचली, मग बाणाच्या दिशेने बघितले.

"बीच तिकडं नाही," तो म्हणाला.

"डेल, बाबांची आरामखुर्ची तळघरात न्यायची आहे. एक टोक धर," डेनिस म्हणाली.

डेलने घास गिळला. "का?"

"कारण ती समुद्रकिनारी नाही."

"तळघरही समुद्रकिनारी नाही."

"डेल, ती खुर्ची तपकिरी आहे, फाटली आहे, आणि तिच्यात खड्डा पडलाय."

"तो बाबांचा खड्डा आहे."

रेनो त्या खुर्चीतच गेला होता, हॉकीचा सामना बघताना, तिसऱ्या सत्रात. आर्लीन तेव्हा शेजारी सोफ्यावर विणत होती. सामना बरोबरीत सुटला होता, त्यामुळे त्याचे गप्प बसणे तिला काही वावगे वाटले नव्हते. ही गोष्ट तिने कोणाला फारशी सांगितली नव्हती. तेव्हापासून ती खुर्चीभोवती वळसा घालून झाडू मारत असे.

"मी आत्याच्या बाजूनं आहे," डेल म्हणाला. "काही हलवायचं नाही."

"ऐकलंस?" इर्मा म्हणाली.

"म्हणजे दोघं मिळून आईला वस्तुसंग्रहालयात कोंडणार!" डेनिसचा आवाज चढला. "चौदा महिने ती या खोलीत बसलेली नाही. स्वयंपाकघरात बसते. स्वतःच्या घरात! कोणी बघितलंय का? तू आठवड्यातून दोनदा येतोस, खातोस, जातोस. आत्या दर बुधवारी येते, कपाटाकडं बघते, जाते."

"मी कपाटाकडं बघत नाही."

"मग कशाकडं बघतेस?"

इर्माने टेबलक्लॉथ पुन्हा खणात घालायला घेतले, एकेक, घडी मोडू न देता.

"आणि मी आठ तास गाडी चालवून येते," डेनिस पुढे म्हणाली, "तर मला बाण कुठं दाखवतो ते सांगता. मी काय माझ्यासाठी करतेय?"

हो, असे आर्लीनच्या मनात आले. पण तिने ते किटलीसारखेच हातात धरून ठेवले, ओतले नाही.

"आईला कोणी विचारलंय का?" डेल अचानक म्हणाला. बहुधा त्याला कसेही करून हे बोलणे संपवायचे होते. "आई, तुला काय हवंय?"

तिघांनी दाराकडे पाहिले. आर्लीनने किटली खाली ठेवायला जागा शोधली. कपाटावर ठेवता येत नसे, डाग पडतो. खिडकीत सासूबाईंचे काचेचे पक्षी होते. गालिच्यावर तर नाहीच. ती किटली हातात घेऊनच बोलली.

"रिकामी," ती म्हणाली.

"काय रिकामी?"

"खोली. रिकामी हवी."

आणि मग सकाळपासून जे कोणाला जमले नव्हते ते एका शब्दाने साधले. तिघेही एका बाजूला झाले.

"रिकामी ही काही शैली नसते, आई," डेनिस म्हणाली. "प्रश्नमंजूषेत नव्हतीच ती."

"रिकामी खोली कशी दिसते माहीत आहे?" इर्मा म्हणाली. "मयतीनंतर दिसते तशी. लोक रस्त्यावरून बघतील आणि डबे घेऊन येतील."

"आई, तू बरी आहेस ना?" डेल म्हणाला. "लोहाच्या गोळ्या घेतेस का?"

"घेते."

"मग?"

"मग काही नाही. मला पुढच्या खोलीत बसायचं आहे आणि कुठलीच गोष्ट पुसायची नाही."

"अगं, पण पुसायला मी बाई लावून देते," डेनिस म्हणाली. आता ती कपाटाच्या आणि इर्माच्या मध्ये उभी होती आणि तिचा एक हात इर्माच्या खांद्यावर होता. दहा मिनिटांपूर्वी हाच हात रंगाचा ब्रश शोधत होता. "आत्या म्हणते ते खरं आहे. तू आत्ता असा एकदम निर्णय घेऊ नकोस. शिवाय वस्तू तुझ्या नाहीतच सगळ्या, नावं आहेत त्यांच्यावर."

"हो," आर्लीन म्हणाली. "आहेत. मधला खण काढ."

"काय?"

"कपाटाचा. खालचा नको, मधला. आणि उलटा कर."

डेनिसने मधला खण काढला. त्यात मेणबत्त्या होत्या; त्या तिने डेलच्या ओंजळीत दिल्या. खण पालथा केला. तळाशी चिकटपट्टी होती. ही पिवळी नव्हती, कोरी करकरीत होती आणि तिच्यावर आर्लीनचे किराणायादीचे तिरपे अक्षर होते.

'इर्मा. शनिवारी न्यावे.'

"हे कधी लावलंस?" डेलने विचारले.

"मंगळवारी. डेनिसचा फोन आला, शनिवारी येते म्हणाली, तेव्हा."

डेलने मेणबत्त्या सोफ्यावर ठेवल्या आणि कोणी न सांगता बापाची आरामखुर्ची मागे कलंडवली. 'डेल. शनिवारी न्यावे.' डेनिसने पितळी दिव्याचा पाया उचलून पाहिला. 'डेनिस.' गालिच्याचे टोक उलटवले. 'डेनिस.' काचेच्या सात पक्ष्यांच्या सात पोटांवर मुगाएवढ्या सात पट्ट्या होत्या. वाकून पाहिले तर सोफ्याच्या तळाला लिहिले होते, 'चर्चची विक्री. डेल पोचवेल.'

"सोफ्याखाली गेलीस तू?" डेनिसचा आवाज बारीक झाला. "या वयात? एकटी?"

"पाठीवर झोपून. विजेरी तोंडात धरली. मोटार दुरुस्त करणारे करतात तसं. आत जाणं सोपं होतं. बाहेर यायला वेळ लागला."

"किती?"

"दुपारच्या बातम्या होऊन गेल्या."

इर्मा मात्र खणावर वाकून चिकटपट्टी बघत होती. चिकटपट्टीच्या बाबतीत या घराचे न्यायालय तीच होती, आणि न्यायालयाला घाई नव्हती. तिने नखाने पट्टीची कड चाचपली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे चालत नाही," ती शेवटी म्हणाली. "आईच्या पट्टीवर दुसरी पट्टी लावता येत नाही."

"वर लावलेली नाही. शेजारच्या खणाला लावली. नावही तेच ठेवलं. तुझं आहे ते तुलाच देतेय."

"पण पट्टी मेल्यावर लागू होते, आर्लीन."

"कोण मेल्यावर?"

"लावणारी."

"तुझी आई जाऊन बावीस वर्षं झाली, इर्मा. अजून किती मरायला हवी?"

डेलला खोकला आला. त्याने तो मेणबत्त्यांकडे तोंड करून काढला.

"तिच्या पट्टीचं मी म्हणत नाही," इर्मा म्हणाली. "तुझ्या पट्टीचं म्हणते. तू जिवंत आहेस."

"हो. तेच सांगतेय मी सकाळपासून."

इर्मा खाली बसणार होती, पण सोफ्यावर आता उरलेले टेबलक्लॉथ आणि मेणबत्त्या होत्या. ती उभीच राहिली. आर्लीनने किटली शेवटी डेनिसच्या हातात दिली आणि मागच्या दाराने अंगणात गेली. परतली तेव्हा तिच्या हातात एक बुटके चौपायी स्टूल होते, बर्च लाकडाचे, बसायची जागा घासून पांढरी पडलेले. मागच्या अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, बूट काढायला बसतात ते. तिने ते उलटे करून इर्मापुढे धरले.

इथेही चिकटपट्टी होती. निळी शाई, शाळामास्तरणीचे अक्षर. सौनाच्या ओलीवर लेम्पीचा विश्वास नसावा. कारण एवढ्या एका पट्टीच्या दोन्ही टोकांना तिने टाचण्या ठोकल्या होत्या. इर्माने मोठ्याने वाचले.

"'आर्लीन. पाय डगमगतो.'"

"कुणाचा?" डेलने विचारले.

"स्टुलाचा," आर्लीन म्हणाली. "तेव्हा माझे दोन्ही ठीक होते."

आर्लीन पुढे बोलू लागली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. संध्याकाळी भांडी आवरताना असतो तसा होता.

"तीस वर्षं तिच्याबरोबर राहिले. शेवटची चार तिला आंघोळ घातली. ती गेल्यावर तुम्ही सगळे इथं वस्तू उलट्या करून नावं वाचत होतात आणि मी कॉफी देत होते. माझं नाव कशावर निघालं नाही. मला वाटलं, ठीक आहे, सून आहे. मग महिन्याभरानं सौना घासताना हे सापडलं. एक वस्तू. टाचण्या मारून."

"मग तू बोलली का नाहीस?" डेनिस म्हणाली.

"काय बोलू? घरात आणायचं होतं मला ते. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी ठेवायचं होतं. बावीस वर्षं जागा शोधतेय."

इर्मा स्टुलाकडे बघत होती. मग तिने खोलीभर नजर फिरवली, कपाट, सोफा, दिवा, गालिचा, खुर्ची, पक्षी. जणू पहिल्यांदाच मोजत होती की यात एक बुटके स्टूल कुठे मावले असते. आर्लीनला वाटले, आता ही कायद्याचे आणखी एक कलम काढणार. इर्माने स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

"डेल," ती म्हणाली, "ट्रक मागे लाव. डेनिस, बश्यांना कागद गुंडाळ. वर्तमानपत्र नको, शाई लागते. पाटीबरोबर आलाय तो पांढरा कागद घे."

"आत्या, पण तुझ्या घरी तर मावत नाही."

"डेलच्या गॅरेजमध्ये मावेल."

"गॅरेजात माझी बर्फातली स्कूटर आहे," डेल म्हणाला.

"तिच्याखाली कुणाचं नाव आहे?"

डेल ट्रक मागे लावायला गेला.

पुढचे तीन तास उचलाउचलीत गेले. कपाट दारातून निघेना, मग दार बिजागरीतून काढले. तेव्हा कळले की कधीकाळी आत येतानाही ते असेच आले असणार, कारण बिजागरीचे स्क्रू एकदा काढून वाकडे बसवलेले होते. खुर्ची डेलने एकट्याने उचलली. कोणाला हात लावू दिला नाही. ट्रकमध्ये ती पुढे तोंड करून ठेवली आणि वर ताडपत्री घालताना खड्ड्यावर क्षणभर हात ठेवला, हे आर्लीनने खिडकीतून पाहिले आणि खिडकीपासून दूर झाली. सोफा दुसऱ्या फेरीत गेला. डेनिसने गालिचा गुंडाळला, दिवा गाडीत आडवा घातला. मग ती शिंपल्यांचे खोके घेऊन आईसमोर उभी राहिली.

"हे तरी ठेवतेस?"

"तू ने," आर्लीन म्हणाली. "शिंपल्यांना खिळा लागत नाही."

डेनिसने आईकडे पाहिले. आईला काय काय माहीत आहे याचा तिला आत्ता, तीन खोकी आणि आठ तासांनंतर, अंदाज आला. तिने पाटी खोक्यात आडवी घातली. "इथं पुन्हा कधी यायचं असलं तर," ती म्हणाली, "काहीतरी बसायला लागेल मला."

"स्वयंपाकघर आहे की."

"हो." तिने नाक पुसले. "खरं सांगू? समुद्रकिनारी मलाही आवडत नाही. मी स्वतः ती प्रश्नमंजूषा सोडवली तेव्हा मीही सगळे पहिले फोटो निवडले होते."

ती खोके घेऊन गाडीकडे गेली.

खोली रिकामी झाली. भिंतीवरचा कागद सगळीकडे फिकटला होता आणि कपाट होते तेवढ्या जागी निळ्या फुलांची मूळची रांग उभी होती, आर्लीनने कधीही न पाहिलेली. फुले इतकी वाईट होती की सासूबाईंनी कपाट तिथे का ठेवले असावे हे तिला एकदम पटले. जमिनीवर आरामखुर्चीच्या चार पायांचे चार डाग होते. ते पुसायचे नाहीत, असे तिने ठरवले. आणि मग पुसायचे नाही असे ठरवायची तरी काय गरज, असेही तिला वाटले. तिने स्टूल खिडकीपाशी नेऊन ठेवले. बर्फावरचा उजेड आत आला आणि त्याला अडायला काही नसल्याने थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिने खोल श्वास घेतला. धुळीचा वास नव्हता.

बाहेर डेलचा ट्रक शेवटच्या फेरीसाठी धडधडत होता. इर्मा दारात कोट घालून उभी होती, पण बटणे लावत नव्हती.

"बरी दिसते," ती म्हणाली. इर्माच्या तोंडून याहून मोठी स्तुती आजवर फक्त एका पाद्र्याला मिळाली होती, तीही त्याची बदली झाल्यावर.

"हो ना?"

"आवाज घुमतो."

"घुमू दे."

इर्मा आत आली. गालिचा नव्हता तरी ती गालिच्याला वळसा घालूनच आली. कपाटाच्या जागी, निळ्या फुलांपुढे, ती जराशी थांबली.

"आर्लीन, आता मी बुधवारी काय बघायला येऊ?"

हा प्रश्न इर्माने असा विचारला की जणू बसचे वेळापत्रक विचारत होती. पण तिचा हात भिंतीवर होता, जिथे कपाटाची कड होती तिथे. या घरात इर्माचा जन्म झाला होता. आर्लीनला हे अर्थात माहीत होते; पण घरात जन्मलेल्या माणसाला घरात यायला कारण लागते, आणि ते कारण आज आपणच ट्रकवर चढवले, हे तिच्या आत्ता ध्यानात आले.

"मला बघायला ये," ती म्हणाली.

"तुला काय बघायचं. तुला बावन्न वर्षं बघतेय."

"मग कॉफी प्यायला ये. इथं बसू."

"इथं?" इर्माने चारही भिंतींकडे पाहिले. "कशावर?"

आर्लीनने उत्तर द्यायच्या आत इर्मा खिडकीपाशी गेली होती. तासन् तास उभी होती ती. आधी एक हात खिडकीवर टेकला, मग कंबर वाकवली, मग बाकीचा देह सावकाश त्या बुटक्या स्टुलावर सोडला. स्टूल डावीकडे कलले. इर्मा उजवीकडे सरकली. स्टूल उजवीकडे कलले.

"डगमगतं हे."

"तसं लिहिलंय खाली."

"आई खोटं नाही लिहायची कधी," इर्मा म्हणाली आणि पाय लांब करून तिथेच स्थिर झाली. कोट काढायचे काही लक्षण दिसेना. तिने बाहेरच्या बर्फाकडे बघायला सुरुवात केली, आणि बुधवार नसतानाही बुधवारसारखी बसली.

आर्लीन खोलीच्या मधोमध उभी राहिली. आजूबाजूला तिला हवे होते तेवढे सगळे होते, म्हणजे काही नव्हते. गुडघे दुखत होते. मंगळवारपासून पाठही दुखत होती. तिने एकदा इर्माकडे पाहिले, एकदा रिकाम्या भिंतीकडे, आणि मग दाराशी जाऊन हाक मारली.

"डेल, गाडी बंद कर रे जरा. आणि स्वयंपाकघरातली एक खुर्ची इकडं आण." ती थांबली. "एकच."